शीलेचं नदीकाठचं गाव इतकं गप्प कसं काय? जलरंगवाल्यांनी मदत करा

घाटावरची:
नमस्कार मंडळी. मी वाईची, जलरंग शिकतेय दोन वर्षं झाली, रविवारचा क्लास आहे, म्हणजे अजून शिकाऊच समजा. माझा भाचा व्हिएन्नाला शिकतो, तो दिवाळीत आला तेव्हा एगॉन शीले या ऑस्ट्रियन चित्रकाराच्या निसर्गचित्रांचं एक जाडजूड पुस्तक घेऊन आला. मला शीले म्हणजे ती हाडं निघालेली वाकडीतिकडी माणसं आणि न्यूड्स एवढंच माहीत होतं, खरं सांगायचं तर पुस्तक सासूबाईंसमोर उघडायला जरा बिचकतच होते. पण निघाली सगळी घरंच! त्यात १९१० चं एक चित्र आहे, निळ्या नदीकाठचं शहर असं नाव, जलरंग आणि गुआश, काळ्या खडूची रेघ. घरं एकमेकांना चिकटून बसलेली, खाली नदी, आणि माणूस म्हणाल तर एकही नाही. कुत्रं सुद्धा नाही. मी ते पान उघडून रोज बघतेय आणि रोज मला वाटतं की कान दडपल्यासारखं होतंय, इतकी शांतता आहे त्यात.

मग मला खाज सुटली. म्हटलं आपल्याकडे पण नदी आहे, घाट आहे, जुने वाडे आहेत, आपण पण काढू. गणपती घाटावर सकाळी सहाला जाऊन बसले, एकही माणूस काढला नाही, तर ते चित्र शांत दिसायच्या ऐवजी लॉकडाउनमधल्या फोटोसारखं दिसायला लागलं. म्हणजे माणसं होती आणि कुठेतरी गेलीत असं. सरांना दाखवलं तर ते म्हणाले डेप्थ नाही, आकाश पांचट झालंय, आणि ते पांढरं काय थापलंय छपरांवर, जलरंगात पांढरा वापरायचा नसतो. मी शीलेचं पान दाखवलं तर म्हणाले तो शीले आहे, तुम्ही आधी ग्रेडेड वॉश, म्हणजे गडदापासून फिका होत जाणारा रंगाचा हात, नीट मारा. बरोबर आहे त्यांचं पण.

तर प्रश्न असा की ही शांतता नक्की येते कशातून? नुसती माणसं काढून टाकली की झालं असं नाहीये हे तर कळलं. रंगात आहे का, रेघेत आहे का, का आणखी काही? आणि पांढऱ्याचं काय ते पण सांगा.


निवृत्त_कलाशिक्षक:
ताई, प्रश्न आवडला. तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली त्यामुळे उत्तर लांबणार, आधीच माफी.

तुम्ही घाटावर बसलात तिथेच गडबड झाली. घाटावर बसलं की डोळा पाण्याच्या पातळीला येतो, मग समोर पायऱ्या, त्याच्यावर देऊळ, त्याच्यावर आकाश, असं आपलं ठरलेलं निसर्गचित्र तयार होतं आणि त्या चित्रात माणसांची जागा आधीच राखलेली असते. पायरी दिसली की तिथे कोणीतरी बसलेलं हवं, पाणी दिसलं की कोणीतरी कपडे धुणारं हवं. ती जागा रिकामी ठेवली की माणूस *नाही* हे दिसतं. शीले बसायचा कुठे? वर. त्या गावाचं तेव्हाचं नाव क्रुमाउ, आता चेकियात आहे, चेस्की क्रुमलोव्ह. व्लताव्हा नदी तिथे नागासारखी वळते आणि जुनं गाव त्या वळणाच्या पोटात बसलंय, तीन बाजूंनी पाणी. समोर नदीपलीकडे कड्यावर राजवाडा. त्या उंचीवरून सरळ खाली बघितलं की रस्ते दिसतच नाहीत हो, दिसतात ती फक्त छपरं आणि भिंतींचे वरचे तुकडे. म्हणजे माणसं त्याने पुसलेली नाहीत, ती त्या कोनातून दिसायचीच नाहीत. आकाश पण जातं, क्षितिज पण जातं. तुमच्या पुस्तकात मृत शहर ३ नावाचं १९११ चं चित्र असेलच, लाकडी फळीवरचं, ते बघा. साधारण ३७ बाय ३० सेंमी, ए३ कागदाएवढंही नाही, पण त्यात घरांचा एक पुंजका मध्ये आणि भोवती काळपट पाणी. सरांना डेप्थ हवी आहे ना, डेप्थ काढून टाकणं हाच त्याचा उद्योग होता.

दुसरी गोष्ट स्मरणचित्राची. तुम्ही एलिमेंटरी इंटरमिजिएट दिली असेल तर आठवत असेल, वस्तुचित्र समोर ठेवून आणि स्मरणचित्र मनातून. आम्ही मुलांना घोकून घ्यायचो की भाजी मंडई, बसस्टॉप, पंगत, विषय कुठलाही येवो, माणसं नसतील तर मार्क गेले. शीले एका पत्रात म्हणतो की निसर्गाची नक्कल करण्यात त्याला अर्थ वाटत नाही, आठवणीतून तो जास्त चांगलं रंगवतो. म्हणजे जागेवर पेन्सिलीने किंवा खडूने रेघ, आणि रंग नंतर. मॉडेल समोर असतानाही तो रेखाटन पटकन करायचा आणि रंग मॉडेल गेल्यावर भरायचा. आता विचार करा, तुम्ही सकाळी सहाला घाटावर बसून रंग लावत होतात तेव्हा समोर ऊन सरकत होतं, सावल्या हलत होत्या, तुमचा ब्रश त्यांच्या मागे पळत होता. त्याच्या चित्रात ऊन कुठून येतंय ते शोधून दाखवा बघू. छायाप्रकाशच नाही म्हटल्यावर वेळ पण नाही, सकाळ नाही संध्याकाळ नाही. घड्याळ काढून घेतलंय. माझ्या मते शांतता त्यातून येते, माणसं नसण्यातून नाही.

पांढऱ्याबद्दल नंतर लिहितो, हात दुखला.


इसारकाठी:
मी म्युनिकला असते, आम्ही गेल्या उन्हाळ्यात क्रुमलोव्हला दोन दिवस होतो आणि मी मुद्दाम हीच चित्रं डोक्यात ठेवून गेले होते त्यामुळे राहवत नाहीये.

पहिली गंमत म्हणजे ती शांतता तिथे मिळणार नाही, कृपया त्या आशेने जाऊ नका. १९९२ पासून वर्ल्ड हेरिटेज आहे, दिवसभर बसेस येतात, गल्ल्यांमधून चालताना आपल्या तुळशीबागेची आठवण येते, आणि नदीत रबरी बोटी नि कनू, बंधाऱ्यावरून खाली घसरताना लोकं अशी किंचाळतात की विचारू नका. पण वरती राजवाड्याच्या बाजूला गेलात की इथल्या कलाशिक्षक सरांनी म्हटलंय ते अक्षरशः खरं आहे, तिथून वाकून बघितलं की एकदम गर्दी गायब. आवाज येतो, माणसं दिसत नाहीत. फक्त लाल तपकिरी छपरं, आणि छपरांत त्या छोट्या डोळ्यांसारख्या खिडक्या. मी नवऱ्याला म्हटलं बघ, तो उगाच कल्पना करत नव्हता, गाव असंच आहे. नवरा म्हणाला आईस्क्रीम घेऊया.

दुसरं, निळी नदी. व्लताव्हा तिथे निळी बिळी अजिबात नाही. वर शुमावाच्या डोंगरात दलदली आहेत, पाणी तिथून येतं त्यामुळे उथळ जागी ते कोऱ्या चहासारखं दिसतं, आणि खोल जागी जवळजवळ काळं. म्हणजे काळी नदी काढली तेव्हा तो खोटं बोलत नव्हता, निळी काढली तेव्हा बोलत होता 😄 किंवा आकाश चित्रात घेतलं नाही ते नदीत ओतलं असेल, काय माहीत.

आणि एक गोष्ट मला तिथे जाईपर्यंत कळली नव्हती. हे गाव त्याच्यासाठी सहलीचं ठिकाण नव्हतं, त्याच्या आईचं माहेर होतं. म्हणजे आजोळ! बाप डॅन्यूबकाठच्या टुल्न गावात स्टेशनमास्तर, शीले जन्मला तिथे १८९० मध्ये, बाप तो चौदा वर्षांचा असताना आजाराने गेला. १९१० च्या मे महिन्यात व्हिएन्नाला कंटाळून दोन मित्रांना घेऊन आजोळी आला, वय वर्षं एकोणीस. आता तुम्ही आजोळ काढायला बसलात तर काय काढाल? मी तर आधी आजी काढेन, ओटीवरचा झोपाळा काढेन. ह्याने नुसती भिंत नि छप्पर. मला ते पोटात कुठेतरी लागलं.

तिथे आता त्याच्या नावाचं आर्ट सेंटर आहे, १९९३ ला उघडलं, जुन्या ब्रुअरीच्या इमारतीत. चित्रांच्या अपेक्षेने जाऊ नका, मोठी पेंटिंग्ज व्हिएन्नालाच, लिओपोल्ड म्युझियम. तुमच्या भाच्याला म्हणावं तिथे जाऊन बघ, पुस्तकात निळा फार चकचकीत छापतात.


तिरकस:
मंडळी एवढं भारावून जाऊ नका. वरून बघणं, क्षितिज उडवणं, सपाट रंग आणि काळी रेघ, हे सगळं जपानी छापांतून तेव्हा युरोपभर पसरलं होतं. व्हिएन्नाचाच मोठा चित्रकार क्लिम्ट शीलेच्या आधी तेच करत होता तळ्याकाठी बसून. शीलेने त्यात थोडी उदासी मिसळली आणि नाव काय दिलं तर मृत शहर. विशीतल्या पोराला सगळं मृतच वाटतं. मी पण त्या वयात कविता करायचो.

आणि आजोळ आजोळ काय, त्याच आजोळाने त्याला हाकलून दिला ना? १९११ मध्ये परत गेला तो वाली नॉयझिल नावाच्या मुलीला घेऊन, लग्न बिग्न नाही, ती त्याची मॉडेल. नदीवरच्या बागेतल्या घरात राहायचे, बागेत उघडी मॉडेल बसवली ते शेजाऱ्यांनी बघितलं आणि गावाने तीन महिन्यांत सामान बांधायला लावलं. वाई काय किंवा क्रुमाउ काय, आपण पण हेच केलं असतं. पुढच्या वर्षी व्हिएन्नाजवळच्या न्यूलेंगबाखला तर अटकच झाली, शिक्षा झाली ती मुलांच्या नजरेस पडतील अशी अश्लील चित्रं ठेवली म्हणून, चोवीस दिवस आत होता. मग गाव गप्प वाटणार नाही तर काय, गाव त्याच्याशी बोलतच नव्हतं!


निवृत्त_कलाशिक्षक:
तिरकसराव, शेवटचं वाक्य तुम्ही चेष्टेत टाकलंत पण ते वरच्या माझ्या सगळ्या निबंधापेक्षा चांगलं आहे. फक्त तारखा जुळत नाहीत, ताईंचं चित्र १९१० चं आहे आणि हाकललं १९११ च्या ऑगस्टमध्ये. गप्प गाव त्याने आधी काढलं, गावाने अबोला नंतर धरला.

क्लिम्टचं बरोबर आहे. तो पुठ्ठ्याला चौकोनी भोक पाडून त्यातून बघायचा, दुर्बिणीतून पण बघायचा. ताई, हा पुठ्ठ्याचा प्रकार तुम्ही करून बघाच, फुकट आहे. पण क्लिम्टच्या झाडापानांत सुट्टीचा दिवस असतो, तसं शीलेच्या घरांत वाटत नाही, उसना चष्मा घातला तरी डोळे ज्याचे त्याचे.

आता पांढरा. आपल्याकडे जलरंग आला तो इंग्रजांच्या पद्धतीने, पारदर्शक. कागदाचा पांढरा राखायचा, त्याच्यावर तीन वॉशमध्ये चित्र उरकायचं, आणि पांढऱ्या ट्यूबला हात लावला की चोरी पकडल्यासारखं. ती शिस्त मोठी आहे, नाशिकच्या शिवाजी तुपे सरांचे गोदाकाठचे जलरंग ज्यांनी बघितलेत त्यांना मी काय सांगू, ओल्या दगडाची चमक नुसती कागद सोडून. तुमचे सर त्या घराण्यातले दिसतात, त्यांचं ऐका. पण शीलेचं घराणंच वेगळं. त्याचा रंग अर्धा पारदर्शक, अर्धा गुआश, गुआश म्हणजे आपल्या पोस्टर कलरचा थोरला भाऊ समजा, झाकणारा. १९१० च्या सुमाराला तो तपकिरी पॅकिंगच्या कागदावर पण काम करायचा, त्यात राखायला पांढरा असतोच कुठे! त्यामुळे उजळ जागा वरून लावावी लागते, आणि लावलेला पांढरा थोडा खडूसारखा, मेलेला दिसतो. पाणी वाहतंय असं वाटत नाही, चुना लावलेल्या भिंतीसारखं वाटतं. तुमच्या छपरांवर पांढरा खटकला कारण खाली तुम्ही चमकणारा पारदर्शक वॉश मारला होतात आणि वर हा थापला. दोन घराणी एका मैफलीत. एक काहीतरी ठरवा.

प्रयोग म्हणून सांगतो, किराणा दुकानातला खाकी कागद घ्या, मागून ओल्या फडक्याने पुसून बोर्डवर चारी बाजूंनी टेप लावा, नाहीतर गोळा होईल. रेघ मेणाच्या खडूने नाही, चारकोलने नाही, काळ्या कॉन्टेने, म्हणजे दाबून केलेल्या कडक खडूने. रंग घट्ट, ब्रश अर्धा कोरडा, आणि ओल्यावर ओला अजिबात नको, पसरला की हवा आली, हवा आली की तुमची शांतता गेली.


कागदकिडा:
उशिरा आलो. चित्रं कशी काढली यावर सरांनी लिहिलंय, मला ती चित्रं पुढे कुठे कुठे फिरली यात रस असतो त्यामुळे त्या बाजूने.

ताई तुम्ही जे १९१० चं चित्र म्हणताय ते आणि मृत शहर ३, दोन्ही एकेकाळी एकाच माणसाकडे होती, फ्रिट्झ ग्रुनबाउम. व्हिएन्नातला कॅबरे कलाकार, ज्यू, स्टेजवर नाझींची टिंगल करायचा. १९३८ मध्ये पकडला आणि १९४१ च्या जानेवारीत डाखाऊच्या छळछावणीत मेला. बायको पण वाचली नाही. त्याच्याकडे शीलेची ऐंशीच्या आसपास चित्रं होती, ती विखुरली. १९९७-९८ मध्ये न्यूयॉर्कला मॉडर्न आर्ट म्युझियममध्ये लिओपोल्ड संग्रहाचं प्रदर्शन लागलं तेव्हा तिथल्या सरकारी वकिलांनी दोन चित्रं अडवून धरली, एक हे मृत शहर ३ आणि दुसरं वालीचं पोर्ट्रेट. मृत शहर व्हिएन्नाला परत गेलं. वालीचं मात्र दुसऱ्या ज्यू मालकिणीकडून बळकावलेलं होतं, ते प्रकरण २०१० पर्यंत चाललं आणि शेवटी म्युझियमने वारसांना १ कोटी ९० लाख डॉलर देऊन मिटवलं.

आता गंमत ऐका. एवढे पैसे आणायचे कुठून, तर म्युझियमने शीलेचंच एक नदीकाठच्या घरांचं चित्र विकायला काढलं, १९१४ चं, रंगीत कपडे वाळत घातलेली घरं. २०११ च्या जूनमध्ये लंडनला लिलाव झाला, २ कोटी ४७ लाख पाउंडांच्या आसपास गेलं. म्हणजे ज्या मुलीपायी गावाने हाकललं तिचं चित्र राखायला त्या गावाचं चित्र विकावं लागलं. वाली स्वतः बिचारी १९१७ लाच गेली होती, नर्स होऊन युद्धात गेली तिथे आजारी पडून. पुढच्याच वर्षी शीले पण, स्पॅनिश फ्लू, बायको सहा महिन्यांची गरोदर होती ती गेली आणि तीन दिवसांनी हा. अठ्ठावीस वर्षांचा.

पण मी कपड्यांच्या दोरीवर येत होतो. ताई, पुस्तक पुढे पुढे उलटा. १९१०-११ मध्ये रिकामं. हाकलल्यावर पण तो तिथे चकरा मारत राहिला आणि १९१४ च्या चित्रांत दोऱ्यांवर कपडे येतात, लाल, पिवळे, पांढरे. म्हणजे कोणीतरी सकाळी धुतलेत. आणि १९१७-१८ चं गावाची कड म्हणून एक मोठं तैलचित्र आहे, ग्राझला असतं, त्यात तर चक्क माणसं आहेत, छोटी छोटी, घरांसमोर उभी, हात वर वगैरे. मला कोणी तज्ज्ञ समजू नका पण मला ते मृत शहर वगैरेपेक्षा हे जास्त भारी वाटतं, की सात-आठ वर्षांत माणसं एकेक करून घराबाहेर आली.


तिरकस:
@कागदकिडा दोरीवरच्या कपड्यांचं मान्य. हे मी बघितलं नव्हतं. कविता मागे घेतो.


इसारकाठी:
ग्राझ आमच्यापासून पाच तासांवर आहे. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.


घाटावरची:
सगळ्यांना एकदम उत्तर देतेय, आठवडाभर लिहिता आलं नाही कारण प्रयोग चालू होता.

वर जायचं म्हणून आधी पसरणी घाटात गेलो, गाडी कडेला लावली. तिथून वाई दिसते छान पण इतकी लांब की घरं म्हणजे सांडलेली डाळ, आणि मागे डोंगर एवढा मोठा की तो चित्रात घुसतोच, त्याला बाहेर काढणार कसं. मग आमच्या मागच्या आळीत एक काकू आहेत, त्यांची तीन मजली बिल्डिंग, त्यांची गच्ची मागितली. सरांनी सांगितलं तसा पुठ्ठ्याला चौकोन कापून नेला. एकदा त्या भोकातून बघितलं आणि आकाश कापलं, देवळाचा कळस पण कापला, कापताना हात थरथरला खरंच, तर खाली उरली फक्त कौलं, पत्रे, दोन वाड्यांच्या मधली काळी फट, आणि टोकाला कृष्णेचा एक तुकडा. रेघ तिथेच मारली, रंग घरी येऊन रात्री लावला. खाकी कागद पहिला फाटला, दुसरा गोळा झाला, तिसरा टिकला.

शांत झालंय का? थोडं. नदी मी काळी केली आणि लगेच घाबरून वरून निळा लावला, तो मातकट झाला, तो मात्र खऱ्या कृष्णेसारखा दिसतोय. कपडे काढायचे नाहीत असं ठरवलं होतं पण एका गच्चीवर लाल साडी होती ती राहवली नाही. क्लासच्या सरांना दाखवलेलं नाही, आधी ग्रेडेड वॉश.

काकूंना मात्र दाखवलं, गच्ची त्यांची म्हणून. त्यांनी चष्मा लावून पाच मिनिटं बघितलं, सगळी कौलं बोटाने मोजली, हा कुलकर्ण्यांचा वाडा, हे भाजीवाल्याचं, आणि मग म्हणाल्या, आमच्या खालच्या मजल्याची सिंटेक्सची टाकी का नाही काढलीस गं, नवीन बसवलीय.